तोंडावरचा हात

मालनच्या मुठीतलं यंत्र एकाएकी शिट्टी वाजवायला लागलं. बारीक, टोकदार शिट्टी, घास चावताना दाताखाली खडा यावा तशी. ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकांवर बसलेली माणसं वळून बघायला लागली. नर्सनं थोड्या वेळापूर्वी ते आणून दिलं होतं. "काकांचे दात आणि कानाचं मशीन, सांभाळून ठेवा," एवढंच म्हणून ती चपला फटफटवत दाराआड गेली होती. दात डबीत होते, ते मालननं पिशवीत टाकले. मशीन मात्र हातातच ठेवलं, कारण ते अजून कोमट होतं. ह्यांच्या कानाची तेवढी ऊब आपल्याकडं आलीय असं वाटून तिनं मूठ घट्ट केली, आणि ते ओरडायला लागलं. "अगं आई, बंद कर ना ते, लोक बघतायत," सूरज म्हणाला. तो तिचा एकुलता मुलगा, डोंबिवलीहून सकाळीच आला होता. "कसं बंद करायचं?" "मला काय माहीत? बाबाच करायचे." मालनला ते कधीच माहीत नव्हतं. तिनं घाबरून मूठ उघडली तसं ते गप्प झालं. परत मिटली, परत ओरडलं. मग ती तळहात पसरून बसून राहिली, तीर्थ घ्यायला बसावं तशी, आणि त्या शेंगदाण्याच्या रंगाच्या वस्तूकडं बघत राहिली.

तिचा नवरा दगडू कानानं अधू झाला तो कोलशेतच्या रंगाच्या कारखान्यात. बॉयलरवर होता, सगळी उमर त्या घरघरीत गेली. घरी आल्यावरही तो मोठ्यानंच बोलायचा, आणि कोपरीतल्या त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यापर्यंत सगळ्यांना कळायचं आज मालनकडं भाजी कसली आहे. सूरजनं हे मशीन आणून दिल्यावर मात्र दगडूला खेळणंच मिळालं. मालन चिडून बोलायला लागली की त्याचा हात हळूच कानामागं जायचा आणि मग तो देवळातल्या मूर्तीसारखा शांत बसायचा. "ऐकताय का मी काय म्हणते?" "ऐकतोय की. तोंड दिसतंय ना तुझं." आणि खरंच दिसायचं त्याला. मशीन बंद असलं तरी तिच्या ओठांवरून तो सगळं उचलायचा, रॉकेल संपलं इथपासून ते तुमच्या बहिणीला काही रीतभात नाही इथपर्यंत. इतक्या वर्षांत तिचा एक शब्द त्यानं खाली पडू दिला नव्हता. आणि तिनं? विचार इथवर आला आणि मालननं तो मागं लोटला. दारावरचा लाल दिवा जळत होता. आत ह्यांच्या मांडीतून तार घालून हृदयात नवी झडप बसवत होते.

हे सगळं जिन्यात सुरू झालं. इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. मागच्या उन्हाळ्यापासून दगडू प्रत्येक मजल्यावर थांबायला लागला. थांबायचा आणि दारांवरच्या पाट्या वाचायचा. "अहो, त्याच पाट्या आहेत वर्षानुवर्षं," मालन वरून म्हणायची. "शुद्धलेखन तपासतोय," तो खालून ओरडायचा. मग एकदा पाटी वाचता वाचता तो तिथंच खाली बसला, तोंड पांढरं पडलेलं, कपाळावर घामाचे थेंब, आणि वर बघून म्हणाला, "ह्यांनी कुलकर्णीतला उकार चुकवलाय बघ." ती हसली नाही. मग तपासण्या झाल्या, आणि शेवटी सलिल नावाच्या तरुण डॉक्टरांनी त्यांना संगणकासमोर बसवलं. पडद्यावर दगडूचं हृदय करडं दिसत होतं आणि मधोमध पांढरेशुभ्र खडे, मीठ सांडल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, हे कॅल्शियम. झडपेवर बसलंय, झडपेच्या कड्यावर बसलंय, आणि कड्याच्या खालीसुद्धा उतरलंय. इथून वर जाणारी मोठी रक्तवाहिनी तर चिनी मातीच्या बरणीसारखी कडक झालीय. म्हणून छाती उघडून झडप बदलायची म्हणजे जिवावरचं काम. त्यापेक्षा मांडीतून जाऊ, फुग्यावर दुमडलेली नवी झडप नेऊ आणि जुन्या झडपेच्या आतच फुलवू. दगडूनं मान पुढं केली आणि म्हणाला, "म्हणजे स्केल जमलंय. आमच्या बॉयलरच्या नळ्यांत जमायचं, पाणी जड असलं की." डॉक्टरांना गंमत वाटली. "अगदी तसंच, काका." "मग काढा घासून." "घासून नाही काढता येत, काका. ते तिथंच राहणार. नव्या झडपेनं त्याला भिंतीकडं रेटायचं."

मग सूरजनं धोके विचारले आणि डॉक्टरांनी काही न लपवता सांगितले. इतकं कॅल्शियम असलं की नवी झडप नीट गोल उघडत नाही, बाजूनं रक्त गळतं. कधी पेसमेकर लागतो. कधी एखादा कण सुटून मेंदूकडं जातो. आणि क्वचित, फुगा फुगवताना तो कठीण खडा भिंतीत घुसून कडंच फाटतं. क्वचित, पण सांगायला हवं. हे ऐकताना दगडूनं पडद्यावरची नजर काढून मालनकडं बघितलं. काही विचारायचं असलं की तो असा बघायचा, भुवया किंचित वर. मालन टेबलावरच्या पेनांच्या भांड्याकडं बघत राहिली. भांड्यावर कुठल्याशा औषधाचं नाव होतं, ते तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

त्या संध्याकाळी ती कोथिंबीर निवडत होती आणि तो समोर येऊन बसला. "मालन, नळी खरवडताना काय व्हायचं माहितीये का? स्केल निघायचं, पण कधी कधी जोर जास्त लागला की नळीच—" तिचा हात आपोआप उठला आणि त्याच्या तोंडावर बसला. "दिवेलागणीला काय बोलता भरल्या घरात? वास्तू तथास्तु म्हणत असते." हाताखाली त्याच्या मिशा टोचत होत्या, श्वास ऊन लागत होता. तो तळहाताच्या आतूनच म्हणाला, "बरं." नंतरही त्यानं विषय काढून बघितला. दवाखान्याची पिशवी भरताना, "सूरजला सांगून ठेव, जर का—" "जर का काही नाही. टॉवेल कुठला देऊ?" झोपताना, दिवा घालवल्यावर, "अगं, आपलं नुसतं बोलतोय—" "मला नाही ऐकायचं. नुसतंसुद्धा नाही." बोलणं अर्धं टाकायची त्याला सवयच झाली होती. तिनं हात पुढं केला की तो ते तिथंच सोडायचा आणि दुसरं काही काढायचा, समोरच्या दुकानवाल्याचं, नाहीतर नातीचं, सान्वीचं. आणि मालनला वाटायचं, टळलं. आजचं टळलं.

हा हात तिच्याकडं आला होता कल्याणहून. माहेर तिचं कल्याणचं. बाप आणि भाऊ दोघंही धान्याच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहायचे. भाऊ उत्तम, तिच्याहून थोडा मोठा, सारखा बडबड्या, सारखा हसणारा. एका सकाळी ती त्याच्या हातात भाकरीचं फडकं देत होती आणि तो म्हणाला, "आज माल लई आलाय मालने. आज काही मी परत येत नाही बघ." असं म्हणाला, फडकं डोक्यावर ठेवून नाचल्यासारखं केलं आणि गेला. दुपारी गोदामातली पोत्यांची थप्पी त्याच्या अंगावर कलली. आई रडली नाही, निदान मालनला तरी रडताना दिसली नाही. ती सगळ्यांना एकच सांगत बसायची, "त्याच्या तोंडावर कुणी हात ठेवायला पाहिजे होता." ती मालनकडं बघून म्हणायची असं नाही. पण उंबऱ्यात फडकं द्यायला मालनच उभी होती, हात लांबवला असता तर पोचला असता. तेव्हापासून घरात कुणी काही वावगं बोलायला लागलं की तिचा हात तिच्याआधी उठायचा. सूरज लहानपणी म्हणायचा, "आईचा हात म्हणजे फाटकच आहे, सिग्नल पडायच्या आधी पडतं."

दार उघडलं आणि डॉक्टर सलिल बाहेर आले. तोंडावरचा मास्क हनुवटीखाली. सूरज उठला. मालनही उठली, तळहात तसाच पसरलेला. "झडप बसलीय," डॉक्टर म्हणाले. "जागेवर बसलीय. काका जागे आहेत, गुंगीत आहेत, दुखत नाहीये त्यांना. पण एका बाजूला कॅल्शियमचा मोठा खडा आहे, तिथं झडप चपटी राहिली. त्या फटीतून रक्त मागं गळतंय, आणि थोडंथोडकं नाही. असंच सोडलं तर दम कमी होणार नाही, वाढेल. परत एकदा फुगा फुगवून बघता येईल. त्यात ती भिंत फाटायची भीती आहे. मी लहान फुगा घेईन, हळू फुगवीन. पण भीती नाही असं म्हणत नाही." सूरज म्हणाला, "करा ना डॉक्टर. अर्धवट नको." डॉक्टरांनी मालनकडं बघितलं. तिनं मान हलवली, हो म्हणून की देवाला म्हणून तिला तेव्हाही कळलं नाही. डॉक्टर आत गेले. सूरज येरझाऱ्या घालत फोनवर बायकोला, संचिताला, सांगायला लागला, "हां, बसलीय झडप. थोडं लीकेज आहे. नाय गं, होईल. पाचएक मिनिटांचं काम." मालनला ते वाक्य कानावर पडलंच नाही असं करावंसं वाटलं. एवढं खात्रीनं कुणी बोलतं का.

बाहेर खिडकीतून खाडीकडचं आभाळ दिसत होतं, मळक्या धोतरासारखं. बाकावर शेजारी कुणाची तरी सून डबा उघडून खात होती. पोह्यांचा वास आला आणि मालनला एकदम भूक लागली, अशी की पोटात कळ आली, आणि त्या भुकेची तिला लाज वाटली. तिला आठवलं, लग्न नवीन असताना दगडू रात्रपाळीहून यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना कारखान्याचा रंग असायचा, कधी निळा, कधी लाल. धुताना मोरीतून रंगीत पाणी वाहायचं आणि तेव्हाच्या चाळीतल्या बायका म्हणायच्या, मालनकडं रोज धुळवड. त्याच्या नखांत रंग कायमचा बसला होता. निवृत्त झाल्यावर हळूहळू नखं पांढरी झाली तेव्हा तो स्वतःच हात पुढं धरून बघायचा. "कुणाचे हात आहेत गं हे?" असं विचारायचा. मालनला आता वाटलं, बाहेरचा रंग गेला तेव्हाच बहुतेक आत ते पांढरं बसायला लागलं असेल. आपण रोज ह्या माणसाच्या छातीवर डोकं ठेवलं. ठक ठक ऐकलं. आत दगड वाढतोय हे डोक्याला लागलं नाही.

डॉक्टर दुसऱ्यांदा आले तेव्हा डोक्यावरची टोपी नव्हती. केस घामानं कपाळाला चिकटले होते आणि ते एकदम सूरजहून लहान दिसत होते. त्यांनी दोघांना भिंतीकडं घेतलं. "फाटलंय," ते म्हणाले. "मोठं नाही, पण फाटलंय. हृदयाभोवती जी पिशवी असते तिच्यात रक्त साचत होतं. आम्ही लगेच नळी घातली, ते काढतोय आणि शिरेतून परत देतोय. रक्त पातळ ठेवायला जे औषध दिलं होतं त्याच्यावर उतारा दिलाय. बाहेरूनही रक्त चढवतोय. ह्या घटकेला दाब टिकलाय. कधी कधी हे आपोआप बंद होतं." "आणि नाही झालं तर?" सूरजनं विचारलं. "तर छाती उघडून शिवावं लागेल. सर्जन तयार उभे आहेत. पण मी तुम्हाला खरं सांगतो. त्या रक्तवाहिनीला चिमटा लावायला मऊ जागाच नाही. टाका घातला तर कॅल्शियममध्ये धरेल की नाही सांगता येत नाही. ह्या अवस्थेत टेबलावरून उठणारे थोडे. उठले तरी बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर. पण उठतात, काही उठतात. उघडायचं असेल तर आता, ते तग धरून आहेत तोवर. थांबायचं असेल तर नळीवर थांबायचं आणि बघायचं." सूरज म्हणाला, "उघडा. विचारताय काय?" डॉक्टर म्हणाले, "काका शुद्धीत आहेत म्हणून विचारतोय. जीव त्यांचा आहे. मी त्यांना विचारायचा प्रयत्न केला, पण मशीन नाही कानात, आणि आमची तोंडं झाकलेली. त्यांनी आधी कधी काही बोलून ठेवलंय का? असं झालं तर काय करायचं, असं?"

सूरजनं आईकडं बघितलं. "आई? काही म्हणालेले का बाबा?" मालनच्या तळहातावर ते यंत्र घामानं ओलं झालं होतं. काय म्हणाले होते? नळीच. जर का. आपलं नुसतं बोलतोय. तिच्याकडं फक्त तुकडे होते, प्रत्येकाचं पुढचं टोक तिच्याच हातानं मोडलेलं. "नाही," ती म्हणाली. "काही नाही म्हणाले." डॉक्टर म्हणाले, "असं आम्ही कुणाला आत घेत नाही. पण तुम्ही चला, काकू. ते मशीन घेऊन चला. तुमचं ऐकतील ते."

आत थंडी होती. एक्स-रेपासून जपायला त्यांनी तिच्या अंगावर शिशाचा जड अंगरखा चढवला, खांदे खाली ओढले गेले. हिरव्या कापडांच्या ढिगातून दगडूचं तोंड तेवढं बाहेर होतं. दातांशिवाय ते इवलंसं झालं होतं, तान्ह्या मुलासारखं आत गेलेलं. छातीखालून एक नळी निघाली होती आणि एक माणूस मोठ्या पिचकारीनं तिच्यातून लालभडक रक्त ओढत होता, ओढलेलं दुसऱ्या नळीतून परत आत ढकलत होता, परत ओढत होता, गळक्या होडीतून पाणी उपसावं तसा, न थांबता. कुणी ओरडत नव्हतं. सगळे हळू आवाजात आकडे बोलत होते. डॉक्टर तिच्या कानाशी म्हणाले, "झोपवून छाती उघडायची, की आहे तसं नळीवर बघायचं. एवढंच विचारा." आणि ते पडद्याकडं वळले, कारण तिकडून कुणीतरी त्यांना हाक मारली. मालननं मशीन दगडूच्या कानात बसवलं. जन्मात पहिल्यांदा बसवलं, पण बसलं. ते चिरकलं आणि गप्प झालं. त्यानं डोळे उघडले. "मालन." "हो, मीच." त्याच्या भुवया किंचित वर गेल्या. "बरं झालं आलीस. ऐक. ह्यांना सांग, मला—"

आणि तिचा हात उठला. तिनं उठवला नाही. शिशाच्या वजनाखालून, थंडीतून, उंबऱ्यातून, कल्याणच्या त्या सकाळमधून तो उठला आणि त्याच्या बोळक्या तोंडावर बसला. "बोलू नका," ती म्हणाली. "दम लागेल. काही नाही होत. सगळं बरं होणार आहे." स्वतःच्या कानांनी तिनं हे ऐकलं. विचारायला आलेली बाई हे बोलत होती. दगडू तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, तसं काही असतं तर तिला सुटल्यासारखं झालं असतं. मिनिटभरानं तळहातावर काहीतरी हललं. "बरं," तो म्हणाला. तिला ते ऐकू आलं नाही, हाताला कळलं. मग त्याच्या पापण्या मिटल्या. तिनं हात काढला, वाकली, म्हणाली, "अहो. अहो, बोला, काय म्हणत होता?" पण ठोके मोजणाऱ्या यंत्राचा आवाज बदलला होता, कुणीतरी तिला दंडाला धरून मागं घेत होतं, आणि तिच्या जागी दुसरं माणूस उभं राहिलं होतं.

दारापर्यंतचं अंतर थोडंच होतं. तेवढ्यात तिला ठरवायचं होतं. विचारलंच नाही असं सांगितलं तर सूरज म्हणेल, परत जा. परत गेलं तर ते बोलणार नाहीत आता. बोलले तरी हा हात. ते कधी काही मागायचे नाहीत. ताटात आलं ते खायचे, मीठ कमी असलं तरी. नको म्हणाले असते. मला त्रास नको म्हणाले असते, तेच सांगत होते ते नळीचं, जोर लावला की फुटतं, जोर लावू नका. हो, तेच असणार. आणि ती बरणी. बरणीला कोण टाके घालतं. आणि तिला ती पिचकारी दिसत होती, आणि उघडलेली छाती दिसत होती, जिच्यावर ती डोकं ठेवायची, आणि श्वासाच्या मशीनवर दिवसचे दिवस, तोंडात नळी, एक शब्द बोलता येणार नाही असं तोंड. दार आलं. सूरज समोर उभा होता. "काय म्हणाले?"

"नको म्हणाले," मालन म्हणाली. "छाती उघडू नका म्हणाले."

सूरज मटकन बाकावर बसला. डॉक्टर तिच्या मागोमाग आले होते. ते तिच्याकडं बघत राहिले. आत त्यांनी काय ऐकलं, काय नाही, तिला माहीत नव्हतं आणि पुढंही कधी कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे, काकू. आम्ही नळीवर प्रयत्न सोडणार नाही." त्यांनी सोडलाही नाही. मध्यंतरी रक्त थांबलंसुद्धा. नर्स येऊन सांगून गेली आणि सूरजनं आईचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. मग परत सुरू झालं. दिवेलागणीला दगडू गेला.

घर भरलं. कोपरीतले, डोंबिवलीतले, गावाकडचे. प्रत्येकाला सूरज तेच सांगायचा, "बाबांनी स्वतः ठरवलं. डॉक्टरांनी आईला आत बोलावलेलं. शुद्धीत होते. म्हणाले, छाती उघडू नका." सांगताना त्याची पाठ ताठ व्हायची. त्या वाक्याला धरून तो उभा होता, हे मालनला दिसत होतं. आलेली माणसं म्हणायची, धीराचा माणूस. बायका तिला विचारायच्या, "अजून काय म्हणाले?" पहिल्या दिवशी ती म्हणाली, एवढंच. मग कुणाशी तरी बोलताना तिच्या तोंडून गेलं, "मला आता त्रास नको म्हणाले." मग कुणाला तरी, "सगळं बघून झालं म्हणाले." मेलेला माणूस रोज थोडं थोडं बोलायला लागला. शहाण्यासारखं बोलायचा, पोथीतल्यासारखं. एकदाही चेष्टा केली नाही त्यानं. दगडू असं कधी बोलला नव्हता. रात्री ती त्याचा खरा आवाज आठवायला जायची आणि तिला फक्त अर्ध्यावर तुटलेले शब्द ऐकू यायचे, आणि पुढं आपल्याच हाताचा वास, कोथिंबिरीचा.

धोंडिबा उशिरा आला. तो दगडूचा बॉयलरवरचा जोडीदार, अजून कोलशेतलाच राहायचा. ओतूरकडं गावी गेला होता, कळलं तसा माळशेजच्या एसटीनं निघून तडक आला. दारात चपला काढताना त्यानं भिंतीला धरलं आणि फोटोकडं बघून म्हणाला, "फसवलंस लेका. आधी जायचा नंबर माझा होता." मग सतरंजीवर बसला. संचितानं चहा आणून ठेवला. सूरजनं त्याला नेहमीचं सांगितलं, झडप, गळती, फाटणं, आणि मग, "काका, बाबांनी स्वतःच सांगितलं, उघडू नका." धोंडिबानं कप तोंडाकडं नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

"दगडू म्हणाला असं?"

"आईला म्हणाले."

"कसं काय," धोंडिबा स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला. "दवाखान्यात जायच्या आधी माझ्याकडं आलेला. कटिंगला जातो सांगून आलोय म्हणाला. दोन तास बसला. मला म्हणाला, धोंड्या, घरात कुणी ऐकून घेत नाही, तू ऐक. नळी फुटली तर म्हणावं उघडा, शिवा, बांधा, काय वाट्टेल ते करा—" इथं त्याला सूरजचं तोंड दिसलं. तो थबकला. मालनकडं बघितलं. "जाऊ द्या वहिनी. माणूस ऐन वेळेला वेगळा विचार करतो. मी आपलं म्हातारा, बडबडतो काहीतरी."

सूरज आईकडं वळला. "आई?" एवढंच म्हणाला, आणि तेही हळू, लहानपणी तापात म्हणायचा तसं. धोंडिबानं तिला दार उघडून दिलं होतं. ऐन वेळेला वेगळं म्हणाले, एवढं म्हटलं की झालं. सूरज उभा राहिला असता, माणसं येत राहिली असती, फोटोतला माणूस पोथीतल्यासारखं बोलत राहिला असता. मालनचा उजवा हात मांडीवरून उचलला जात होता. तिनं तो डाव्या हातानं धरला. दोन्ही हात पदराखाली दाबून धरले, बोटं दुखेपर्यंत.

"बोला, भाऊजी," ती म्हणाली. "मला ऐकायचंय. माझ्याजवळ ते काही बोलले नाहीत. आतसुद्धा बोलायला लागले होते, मी बोलू दिलं नाही."

सूरजनं श्वास घेतला तो सगळ्यांना ऐकू आला. तो उठला, गॅलरीत गेला, तिकडं तोंड करून उभा राहिला. संचिता त्याच्यामागं जायला निघाली आणि मधेच थांबली. मालननं तिकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं ऐकता आलं नसतं.

धोंडिबानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "काय सांगू वहिनी. म्हणाला, मधेच सोडू नका म्हणावं मला. मशीनवर ठेवायचं तर ठेवा, मी पडून राहीन, मला काय घाई आहे. म्हणाला, बॉयलर आपण कधी अर्ध्यात विझवला का? मी म्हटलं, भ्यायलास काय? तर म्हणाला, भ्यालो म्हणजे, लई भ्यालोय. घरी बोलता येत नाही ना. मालन माझ्याहून जास्त भ्यालीय, तिच्या हाताला कळतं." त्यानं कप बाजूला सारला. "मग म्हणाला, अजून पाचसहा वर्षं पायजेत. कशाला रे, म्हटलं. तर म्हणाला, कशाला काय, आवडतं मला इथं."

"अजून?" मालन म्हणाली.

"एवढंच, वहिनी."

"दोन तास बसले होते म्हणालात."

"हो, पण ते आपलं इकडचं तिकडचं."

"इकडचं तिकडचंच सांगा," मालन म्हणाली. "आठवून बघा. जे काय म्हणाले ते."

गॅलरीत सूरज पाठमोरा होता, त्याचे खांदे हलत होते. धोंडिबानं डोळे बारीक करून छताकडं बघितलं आणि आठवायला लागला. मालन त्याच्या ओठांकडं बघत होती.